झोपेतल्या नोकरीचे प्राध्यापक

बनसोडे सर आमच्या शेजारी राहायला आले, त्या सकाळी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून त्यांनी माझ्या वडिलांना पहिलाच प्रश्न विचारला, तो असा: “काल रात्री कामावर गेला होता का?”

अण्णा मिसरी लावत उभे होते. त्यांनी तोंडातलं बोट काढलं, सरांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, “मी रिटायर हाय.”

“म्हणून तर विचारतो,” सर म्हणाले, आणि उत्तर ऐकायला डोळे मिटून उभे राहिले.

अण्णा घरात आले ते तडक स्वयंपाकघरात. नवा शेजारी दिसायला सभ्य आहे, पण वरचा मजला रिकामा दिसतोय, असं त्यांनी मला सांगितलं. मी खिडकीतून पाहिलं तर गृहस्थ अजून तसेच उभे. उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, आणि लांबून कुठूनतरी गाणं ऐकू यावं तसं चेहऱ्यावर समाधान. दूधवाला आला, त्यांना वळसा घालून गेला, तरी यांचे डोळे मिटलेलेच.

खरं सांगायचं तर तो प्रश्न अण्णांच्या वर्मी लागला होता.

अण्णा सातारा डेपोचे एसटी ड्रायव्हर. सगळी नोकरी वाईवरून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात गेली, पण गाडीला कधी ओरखडा नाही. आई मी लहान असतानाच गेली. आमचे हे फौजेत, तेव्हा पठाणकोटला. म्हणून रिटायर झाल्यावर मी अण्णांना सांगलीला माझ्याकडे आणलं. आणि आणल्यापासून बघते तर काय, अण्णा रोज रात्री झोपेत गाडी चालवतायत! डाव्या हातानं गियर टाकायचे, त्यात उशाशी ठेवलेला तांब्या रोज आडवा. उजवा पाय कॉटच्या दांडीला असा रेटून धरायचे की लोखंडाची दांडी वाकली. मग घामानं चिंब होऊन उठायचे, की पुन्हा झोपायचं नाव नाही. पुढं पुढं तर ते झोपेलाच भ्यायला लागले. खुर्चीत ताठ बसून चहावर चहा प्यायचे. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय आधीच थकलंय, झोप मिळाली नाही तर अवघड आहे. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या अण्णा घेईनात. गोळी खाऊन ड्रायव्हरनं गाडीवर बसायचं नसतं, म्हणाले. यावर माणसानं काय बोलावं? मी तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून घेत नाही, पण तेव्हा मला फार भीती वाटायची. अण्णा म्हणजेच माझं माहेर होतं.

पण ही घरातली गोष्ट. ‘त्या मास्तरला यातलं काय बी सांगायचं न्हाई,’ अशी अण्णांनी मला ताकीद दिली होती.

सर सांगलीच्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, त्यातही कारखान्यात आणि ऑफिसात काम करणाऱ्या माणसांचं. हे वळण त्यांना कसं लागलं, तेही ऐकण्यासारखं आहे. मूळ गाव कुंडल, घरातले पहिलेच शिकलेले. कॉलेजात नाव घालायला गेले तेव्हा अर्थशास्त्राच्या खिडकीला ही मोठी रांग, आणि मानसशास्त्राच्या खिडकीला कुणी नाही. आत क्लार्क टेबलावर डोकं ठेवून झोपलेला. सरांनी त्याला उठवलं नाही. तो झोपेत हातानं पावत्या फाडत होता म्हणे, आणि फाडून झाली की पलीकडच्याला देत होता. सर ते बघत जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभे राहिले. क्लार्क जागा झाला तेव्हा सरांनी त्याला विचारलं, आत्ता किती पावत्या फाडल्या? क्लार्क दचकला. सरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं संशोधन त्या दिवशी सुरू झालं.

संशोधन एकच: नोकरी करणाऱ्या माणसांना नोकरीची काय स्वप्नं पडतात. त्यासाठी सर कुणालाही गाठायचे. न्हाव्याच्या दुकानात, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, अंत्ययात्रेतसुद्धा. ‘काल रात्री कामावर गेला होता का?’ पहिल्यांदा लोक दचकायचे, मग चिडायचे, आणि मग इकडेतिकडे बघून हळूच सांगायचे. एका बँकेच्या कॅशियरला स्वप्नात नोटा गरम लागायच्या, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारख्या, आणि मोजायला घेतल्या की हात पोळायचे. एका पोस्टमनच्या थैलीतली सगळी पत्रं त्याच्याच नावावर असायची, पण वाटप झाल्याशिवाय फोडायची नाहीत म्हणून तो गावभर हिंडायचा. साताऱ्याच्या एका हवालदारानं मात्र सरांना चौकीत बसवून ठेवलं. रात्री कुठं होतास, हा प्रश्न पोलिसांनी विचारायचा असतो, म्हणाला. संध्याकाळी सोडताना त्यानंच सरांना चहा पाजला आणि आपलं स्वप्न सांगितलं. ते काय होतं हे सरांनी मला कधी सांगितलं नाही. हवालदाराला शब्द दिलाय, म्हणायचे.

माझंही काढून घेतलं त्यांनी. मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक बघते. एकदा कढीपत्ता मागायला गेले आणि बोलता बोलता सांगून बसले, की माझ्या स्वप्नात आमचं अख्खं ऑफिस कृष्णेच्या तळाशी असतं. हिरवा हिरवा उजेड, साहेबांच्या टेबलावरून मासे जातायत, सगळे निवांत काम करतायत, आणि मला एकटीला काळजी की पाण्यात शिक्का कसा उमटणार. सर बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मग म्हणाले, “पाणी गार होतं का?” आता काय सांगायचं या माणसाला? पण गंमत म्हणजे मला आठवलं, पाणी कोमट होतं.

एवढं ऐकायचे, पण लिहून काही घ्यायचे नाहीत. लिहिलं की स्वप्नाला इस्त्री होते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पीएच.डी. झाली नाही. त्यांचे गाइड वर्षानुवर्षं प्रकरणं मागत राहिले आणि हे दर खेपेला जाऊन तोंडी सांगून यायचे. विद्यापीठात वरच्या जागेची मुलाखत होती, तिथं तर कमालच केली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या संशोधनाचा उपयोग काय? सरांनी त्यांनाच विचारलं, साहेब, काल रात्री कामावर गेला होता का? अध्यक्षांनी आढेवेढे घेतले, मग सांगायला लागले. स्वप्नात ते नेहमी उमेदवाराच्या खुर्चीत असतात आणि समोर कुणी नसतं, प्रश्न मात्र येत राहतात. बाहेर बाकीचे उमेदवार ताटकळले. दुसऱ्याच कुणाची तरी निवड झाली, पण अध्यक्ष सरांना सोडायला रिक्षापर्यंत आले होते.

आणि कारखान्याचं तर काय सांगू. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यानं कामगारांपुढं भाषण द्यायला सरांना बोलावलं. चेअरमन पहिल्या रांगेत. सरांनी भाषण दिलंच नाही, कामगारांनाच बोलतं केलं. एकजण उठून म्हणाला, मी रोज रात्री झोपेत वजनकाट्यावर उसाच्या गाड्या घेतो, गाड्या सरत न्हाईत. सर डोळे मिटून स्वतःशीच पुटपुटले, “म्हणजे पाळी करून घरी आलेला माणूस पुन्हा पाळी करतो. ह्याचा पगार कोण देतं?” ते आपले विचारात होते. पण समोर माइक होता. पुढच्या महिन्यात युनियननं मागण्या दिल्या, त्यात झोपेतल्या कामाचा ओव्हरटाइम मिळावा, ही मागणी होती. चेअरमननी प्रिन्सिपलना फोन केला. त्यांच्या मते हजेरीला पुरावा काय, हाच मुख्य मुद्दा होता.

प्रिन्सिपलनी सरांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. आता यांची नोकरी जातेय, असं सगळा स्टाफ धरून चालला होता. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सरांना काही झालं नव्हतं, पण प्रिन्सिपल मात्र पुढचे दोन दिवस गप्प गप्प होते. मागाहून कळलं, प्रिन्सिपलच्या स्वप्नात कॉलेजला सुट्टी असते, आणि ते ठाऊक नसल्यामुळे ते एकटेच येऊन सगळ्या वर्गांतून हिंडत असतात.

असं हे करिअर. बढती नाही, पुस्तक नाही, घरी कुणी नाही. बायको मिरजेला नर्स होती आणि ती वारल्यावर ते सांगलीला आले, एवढंच आम्हाला माहीत. लुना चालू करायचे आणि तिच्यावर बसून विचारात गढून जायचे. लुना बिचारी जागेवर फटफटत राहायची. मग मी खिडकीतून ओरडायची, सर, कॉलेज! तेव्हा कुठं निघायचे.

एका रविवारी दुपारी अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या डुलले आणि तोंडावर पडले. कपाळाला खोक पडली. मी हळद भरली, फडकं बांधलं. हा माणूस असा झोपेवाचून माझ्या डोळ्यांदेखत संपणार, असं मला दिसायला लागलं. अण्णांची ताकीद गेली खड्ड्यात. मी उठले आणि सरांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं, तांब्यापासून कॉटच्या दांडीपर्यंत. सांगताना रडले, त्याची लाज नाही.

सर पायात चपला न घालता आले. अण्णांच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसले. काय होतंय, कसं वाटतंय, असलं काही नाही. “कुठली गाडी?” म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. मग खांदे पाडले. “पाचगणी-सातारा. उतरती.”

“प्याशिंजर?”

“भरल्यात. उभं बी हायती.”

सर आता कुंडलच्या बोलीत शिरले होते. “आन् ब्रेक लागत न्हाईत, व्हय?”

आम्हीही इतके दिवस तेच धरून चाललो होतो. डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं. पण अण्णांचा अपमान झाला. “ब्रेक न लागाया काय झालंय? ब्रेक झकास हायती. तो पाय ब्रेकवर नसतोय, मास्तर. एक्सलेटरवर असतोय.”

“मग थांबवत का न्हाई?”

“थांबवू कसं? घंटी कुठं दिलीया कुणी?” अण्णा म्हणाले, आणि एकदा तोंड उघडल्यावर मग सांगतच राहिले. गाडी घाट उतरते. वाई येते, जाते. सातारा येतो, जातो. कऱ्हाड जातं. कुठंतरी आमचं गाव लागतं, दारात माझी आई उभी असते, हात करते. अण्णांना थांबायचं असतं. पण गाडीत कंडक्टरच नाही. मागं दोरी ओढायला कुणी नाही. एक घंटी आली की थांबायचं, दोन आल्या की निघायचं, सगळा जन्म असाच गेलेला. घंटीशिवाय स्टॉपला गाडी उभी करायची नाही, ही ड्रायव्हरची रीत. म्हणून अण्णा आईला मागं टाकून पुढं निघून जातात, रोज.

मला हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

सर उठून स्वयंपाकघरात आले. घंटी आहे का, म्हणाले. मी देवघरातली काढून दिली, त्यांनी हलवून पाहिली. ही नको, ही वाजली की अण्णा आरतीला उभे राहतील, म्हणाले. मग मी मांडणीवरचं एकेक भांडं खाली काढलं आणि ते हळूच चमच्यानं वाजवत गेले. स्टीलचा पेला, वाटी, फुलपात्र, परात. कशाचाच आवाज जुळेना. एसटीची घंटी कशी वाजते ते सरांपेक्षा मला जास्त ठाऊक. लहानपणी सुट्टीत मी अण्णांच्या पाठीमागच्या सीटवर बसून घाट चढले-उतरले आहे. शेवटी दूध तापवायचं जुनं पितळी पातेलं निघालं. सरांनी त्याच्या काठावर सांडशी टेकवली मात्र, आणि माझ्या अंगावर काटा आला. “हीच,” मी म्हणाले.

आम्ही परत आलो. अण्णांना यातलं काही सांगायचं नाही, असं सरांनी खुणेनं बजावलं. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “अण्णा, तुमी गाडी काढा. आज गाडीत मी हाय.”

पहिल्या सकाळी सरांवर रागावून भिंतीपासून घरात निघून आलेले अण्णा हेच, पण त्या दिवशी त्यांच्यात विरोध करायचं बळ नव्हतं. ते आडवे झाले. बाहेर ऊन पेंगत होतं. कुठंतरी कबुतर घुमत होतं. थोड्या वेळात अण्णांचा डावा हात हलला, पहिला गियर. मग दुसरा. उजवा पाय दांडीला लागला आणि हळूहळू दाबत गेला. कपाळावरचं फडकं घामानं भिजायला लागलं. पातेलं माझ्या हातात होतं. मी सरांकडे पाहत होते, सर डोळे मिटून ऐकत होते. घाट उतरून वाई मागं टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी जाऊ दिला असेल. मग मान हलवली.

“एकदाच,” ते कुजबुजले. “दोनदा वाजली तर अण्णा पुढं जातील.”

मी सांडशी मारली. टण्.

अण्णांचा पाय दांडीवरून सुटला. डावा हात गियरवरून सावकाश खाली आला आणि चादरीवर पडला. सर त्यांच्या कानाजवळ वाकून म्हणाले, “शेवटचा स्टॉप, अण्णा. समदी उतरली. तुमी बी उतरा.”

अण्णांनी एवढा मोठा श्वास सोडला. कुशीवर वळले. आणि घोरायला लागले. मी तिथंच जमिनीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. इतक्या महिन्यांत घरात घोरण्याचा आवाज झाला नव्हता.

सर बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले होते. मी त्यांना विचारलं, झोपलेल्या माणसाला ऐकू जातं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले. बायकोचं नाव सुमन. नाइट ड्युट्या करून करून तिला घरीसुद्धा झोपेत वॉर्ड दिसायचा. सलाइन बदला, म्हणायची, बारा नंबरला ताप आहे, म्हणायची. सुरुवातीला एकदा सरांनी तिला हलवून जागं केलं, तर ती उठून बसली आणि रडायला लागली, की पेशंटला तसाच टाकून आले. मग त्यांनी तिला पुन्हा कधी उठवलं नाही. तेच पेशंट व्हायचे. सिस्टर, आता दुखत नाही, तुम्ही पडा, असं म्हणायचे, की ती हसून शांत झोपायची. सकाळी तिला काही आठवायचं नाही. यांनीही कधी सांगितलं नाही, ती लाजली असती म्हणून.

“मग ती आजारी पडली,” सर म्हणाले. “तिच्याच वॉर्डात होती. शुद्ध नव्हती, पण सारखी उठायला बघायची. ड्युटी आहे, म्हणायची. मला बघवेना, ताई. मी म्हणालो, सिस्टर, तुमची पाळी संपली. चार्ज मी घेतलाय.”

त्यांनी ओट्यावरचं एक वाळकं पान उचलून खाली टाकलं.

“ती लगेच शांत झाली. आणि थोड्या वेळानं गेली.” त्यांनी हात एकमेकांवर ठेवले. “मी तसं म्हणालो, ते बरोबर केलं का, हे मला कळत नाही. तिला बरं वाटलं असेल, का मधेच कामावरून काढल्यासारखं वाटलं असेल? म्हणून सगळ्यांना विचारत सुटतो. पण ज्याला त्याला कामावर गेलेलं आठवतं. सुटलेलं कुणालाच आठवत नाही.”

लोक या माणसाला हसायचे, मीही हसले होते. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. ऊन भिंतीवरून उतरलं, समोरच्या मैदानात पोरं खेळायला आली, आणि आत अण्णांचं घोरणं चालूच होतं.

दिवेलागणीला अण्णा जागे झाले. हाक मारून चहा मागितला. आम्ही दोघं आत गेलो. सर कॉटपाशी उभे राहिले, आणि उत्तर ऐकायला उभं असताना पहिल्यांदाच त्यांचे डोळे उघडे होते.

“अण्णा,” त्यांनी विचारलं, “गाडी थांबली तवा कसं वाटलं?”

अण्णांनी आठवायला जरा वेळ घेतला. फडक्यावरून हात फिरवला.

“कुणीतरी उतरा म्हणालं बघा,” ते म्हणाले. “मी उतरलो. पाय भुईला लागलं. गार, लय बरं वाटलं. तोंड दिसलं न्हाई, पर आपलंच माणूस व्हतं त्ये, येवढं कळालं.”

सर स्टुलावर बसले.

“परत एकदा सांगता का, अण्णा?”

अण्णांनी परत सांगितलं.